केसभर तिरकी रिंग

प्रिय बारक्या,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, तेवढ्यावर खूश होऊ नकोस. आधी खुर्चीत नीट बस, चष्मा लाव आणि हे पत्र हातात न धरता टेबलावर ठेवून वाच. का, ते पुढे येईलच. फोनच केला असता, पण तुमच्या घरचा फोन हल्ली फक्त वहिनी उचलते आणि ‘ते कामात आहेत’ हे एकच वाक्य तिला पाठ झालंय. मधूनमधून ‘सांगते हं त्यांना’ एवढी भर. म्हणून पत्र. जे सांगायचं ते आत्ताच सांगून टाकते, उगाच ताटकळत ठेवायला मी काही तुझ्यासारखी नाही: तू पाठवलेली रिंग मी घेणार नाही. ती तुला परत मिळेल. असलं काम मी तुझ्याकडून आजवर कधी घेतलं नाही आणि यापुढेही घेणार नाही.

पार्सल आलं तेव्हा मी नुकतीच प्रयोगशाळेतून येऊन चपला काढत होते. वर पत्ता तुझ्या लेकीच्या अक्षरात. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण मला वाटलं, बापाला आता पत्ता लिहायचाही कंटाळा आलाय. उभ्या उभ्याच डबा उघडला, कापूस बाजूला केला आणि रिंगेच्या आधी चिठ्ठी शोधली. तुझी चिठ्ठी असतेच. ‘ताई, ही पाडलीस तर दुसरी मिळणार नाही’, ‘ताई, आटे बळजबरीने फिरवू नकोस, हे लोणच्याच्या बरणीचं झाकण नाही’, असलं काहीतरी उर्मट. या वेळी काही नाही. कापूस पिंजून पाहिला, डबा उलटा करून आपटला. इतके दिवस माझ्या जिवाला घोर लावून, शेवटी मुक्याने पार्सल पाठवतोस? परक्या गिऱ्हाइकालाही कुणी असं पाठवत नाही रे.

घोर म्हणजे खरंच घोर. माझा जुना कॅमेरा गेल्यापासून माझं सगळं अडून बसलंय, हे तुला माहीत होतं. नवा कॅमेरा घेतला तर त्याचं तोंड वेगळ्याच मापाचं, आणि तू हौसेने करून दिलेल्या सगळ्या रिंगा एका फटक्यात बिनकामाच्या झाल्या. त्या ओळीने खिडकीत मांडून ठेवल्यात, बघितलं की जीव जळतो. मी तुझ्याकडे मागितलं ते एवढंच, की बाबांच्या लेन्ससाठी या तोंडाची एक रिंग कर. फक्त एक. तू ‘करतो’ म्हणालास. तू ‘करतो’ म्हणालास की दुसऱ्या आठवड्यात वस्तू दारात, हा आपला आजवरचा शिरस्ता. या वेळी ऋतू बदलला तरी पत्ता नाही.

बाबांच्या लेन्सवरून आठवलं. ती अंधाऱ्या खोलीतली आहे हे मी कॅमेऱ्याच्या दुकानातल्या त्या टायवाल्याला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्याने जे तोंड केलं होतं ते मी अजून विसरले नाही. बाबांच्या स्टुडिओत ती एनलार्जरला लावलेली असायची, निगेटिव्हवरून कागदावर फोटो मोठा करायला. तिला ना फोकसची चकती, ना कॅमेऱ्यात अडकायला खाच, नुसते मागे आटे. टायवाला म्हणाला, मॅडम, ही शोकेसमध्ये ठेवा, जवळचे फोटो काढायला आता खास लेन्स मिळतात. जशी काही मी आजोबांचा दात कॅमेऱ्यात बसवा म्हणून गेले होते. तणतणत तुझ्याकडे आले, तर तू लेन्स दिव्यासमोर धरून आरपार बघितलीस आणि हसायलाच लागलास. म्हणालास, अगं, या नव्या धाटणीच्या कॅमेऱ्यांच्या आत आरसाच नाही, मग अडवतंय कोण? लेन्स आणि कॅमेरा यांच्यात मोकळी जागा आहे, ती आपण नळीने भरून काढायची. नळी जितकी लांब, तितकं जवळचं दिसेल. आणि संध्याकाळच्या आत पहिली रिंग तयार. त्या रिंगेवरून काढलेला पहिला फोटो राजगिऱ्याच्या दाण्याचा होता. दाणा कसला, पॉलिश केलेला गोटाच. तो बघून तू तीनदा ‘बाप रे’ म्हणालास आणि चौथ्यांदा ‘बाबा रे’ म्हणालास, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तेव्हापासून तुझी व्याख्यानं ऐकून ऐकून मी अर्धी टर्नर झाले आहे. तू लेथवर काम करत असलास की तोंड बंद नाही, आणि मी स्टुलावर बसून ऐकायची. तुझा कायदा एकच: एकदा चकमध्ये, लेथच्या त्या फिरत्या मुठीत, पकडलं की काम संपेपर्यंत सोडायचं नाही. लांब दांडा चकच्या जबड्यात द्यायचा, त्याच्या पुढच्या टोकावर आख्खी रिंग तयार करायची, तोंड सपाट, आत पोकळ, आटे, सगळं, आणि अगदी शेवटी कापून वेगळी करायची. मध्येच काढून पुन्हा पकडली की देव आला तरी केसभर तिरकी होणारच. म्हणून तुझ्या रिंगेवर चकच्या दातांचे वण कधीच नसतात, दात लागतात ते मागच्या दांड्याला. बाजारातली रिंग ओळखायची कशी, तर वण बघून. मग कड मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून बघायची, कुठे खरखरलं तर पुन्हा घासायची. आतून काळा रंग, नाहीतर उजेड आतल्या आत उड्या मारतो आणि फोटोच्या मधोमध पांढुरका धुरळा येतो. आणि शेवटी रिंग कॅमेऱ्यात कुठे बसते ते दाखवायला पंचाने मारलेला एक ठिपका, खसखशीएवढा. बघ, सगळं पाठ आहे. एवढं पाठ असूनही मला लेथला हात लावू दिला नाहीस तो नाहीसच. म्हणे मी कापायचं टूल मोडलं. ते टूल आधीच मोडायला आलं होतं, मी फक्त तिथे हजर होते, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. पण तू भरल्या वर्कशॉपमध्ये, शेजारच्या वेल्डरसमोर, मला म्हणालास की ताई, तू आपल्या बिया मोज, यंत्राला हात लावायचा नाही. मोठ्या बहिणीला!

तर, बिया. आमच्याकडे बियाणे तपासायला नव्या मुली आल्या आहेत. हुशार आहेत, पण चाऱ्याच्या लसूणघासाच्या बियांत अमरवेलीचं बी त्यांना काही केल्या ओळखू येईना. लसूणघासाचं बी गुळगुळीत, बाकदार. अमरवेलीचं गोलसर, खरबरीत, मळकट. सांगितलं की माना डोलावतात, ताटलीत टाकलं की गोंधळतात. एक बी नजरेतून सुटलं तर शेतभर पिवळे दोर पसरून सगळं पीक चोखून घेतात, आणि मग शेतकरी आमच्या नावाने शिव्या देतो, त्या बरोबरच असतात. म्हणून मला भिंतीवर लावायला दोन्ही बियांचा शेजारी शेजारी मोठा फोटो हवा होता. डावीकडे लसूणघास, उजवीकडे अमरवेल. तुझी रिंग आली तशी मी चहासुद्धा न घेता कॅमेरा स्टँडवर उलटा टांगला, बाबांची लेन्स फिरवून बसवली, खाली ताटलीत बिया मांडल्या आणि फोटो काढला.

लसूणघास कसा सुरेख आलाय म्हणून सांगू! आणि अमरवेल म्हणजे चिखलाचा डाग. नेमकं जे दाखवायचं तेच गायब.

आता इतक्या जवळून फोटो काढताना नखाच्या जाडीएवढीही खोली फोकसमध्ये येत नाही, थोडं काही कलतं झालं की एक बाजू गेलीच. म्हणून आधी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. स्टँड तपासला. टेबलावर बुडबुड्याची पाणसळ ठेवून पातळी बघितली. तुझे भावजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ताटलीखाली पुठ्ठा घाल. सगळ्या प्रश्नांवर त्यांचा हाच उपाय असतो. घातला, लगेच काढला. ताटली अर्धा फेरा फिरवली, तरी उजवीकडचंच धूसर. अख्खा कॅमेरा उलट्या बाजूने टांगला, तरी फोटोची उजवीकडची बाजूच धूसर, म्हणजे स्टँडचा दोष नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स लावून पेपरचं पान टिपलं, ते कडेपर्यंत स्वच्छ, म्हणजे कॅमेराही निर्दोष. बाबांची लेन्स आट्यांवर अर्धी फिरवली, धूसरपणा जागचा हलला नाही, म्हणजे बाबाही सुटले. उरलं कोण? उरली तुझी रिंग. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून व्हर्नियर, तुझ्याकडे असते तसली जाडी मोजायची पट्टी, मागून आणली आणि रिंगेची जाडी चारी बाजूंनी मोजली. एका बाजूला जाड, समोरच्या बाजूला केसभर बारीक. तुझी रिंग तिरकी.

मग मी ती भिंगाखाली घेतली, जशी संशयित बी घेते. बाहेरच्या अंगावर चकच्या दातांचे वण. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, एकमेकांवरून सरकलेले. म्हणजे ती पकडली, सोडली, परत पकडली, परत सोडली. कॅमेऱ्यात अडकणारं पातं तू नेहमीसारखं बाजारातल्या रिंगेचं काढून स्क्रूने बसवलंस, ते ठीक, पण स्क्रूंच्या भोवती पेचकस घसरल्याचे ओरखडे, मांजराने खेळ केल्यासारखे. आतल्या काळ्या रंगाचे ओघळ कडेवर आलेले. कड माझ्या बोटाला लागली, रक्त नाही आलं पण चरचरलं. आणि पंचाचा ठिपका नाहीच. त्याच्या जागी काय असावं? नेलपॉलिश! जांभळट, चमचमणारं! बारक्या, मी आयुष्यात तुझ्यावर इतकी संतापले नव्हते. तू माझी सायकल नाल्यात घातलीस तेव्हासुद्धा नाही.

माझ्या मनात काय काय आलं ते सगळं सांगते, कारण मनात ठेवायची मला सवय नाही. पहिल्यांदा वाटलं, हा मोठा झालाय, आता ताईचं फुकटचं काम कुणातरी शिकाऊ पोरावर ढकलतो. मग वाटलं, नाही, माझा काहीतरी राग धरून बसलाय. मी गेल्या खेपेला तुमच्याकडे आले होते तेव्हा काही लागेलसं बोलले का, तेही आठवून पाहिलं. आणि आठवता आठवता भलतंच काही समोर यायला लागलं. त्या वेळी तू दारात माझी बॅग घ्यायला पुढे आला नाहीस, लेक आली. सबंध वेळ उजवा हात खिशात. मी म्हटलंसुद्धा, काय रे, साहेब झालास वाटतं, तर तू हसलास आणि हात आणखी आत घातलास. चहा आला तेव्हा तुझा कप अर्धाच भरलेला होता, मला वाटलं साखर वाढली म्हणून वहिनीने तुझा चहा कमी केलाय. वर्कशॉप बघायला जाऊ म्हटलं तर म्हणालास आज साफसफाई चाललीय. तू आणि साफसफाई! आणि तेव्हापासून फोनवर चेहरा दाखवायचा म्हटलं की तुमच्याकडे नेमका छताचा पंखाच दिसतो.

मग मी वहिनीला फोन केला नाही. वेल्डरला केला. त्याचा नंबर माझ्याकडे तेव्हापासून आहे, जेव्हा त्याने माझ्या स्टँडला पाय जोडून दिला होता. तो आधी म्हणाला, ताई, मला मध्ये घेऊ नका, मला शेजारी राहायचंय. मी म्हटलं, तू मध्ये आलाच नाहीस तर मी तिथे येऊन तुझ्याच दुकानासमोर उभी राहीन. तेव्हा बोलला. म्हणाला, उजवा हात ऐकत नाही हो त्यांचा. आधी जरासा हलायचा, आता चहा सांडतो. डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या चालू आहेत. गिऱ्हाइकांचं काम बंदच केलंय. फक्त ती तुमची रिंग घेऊन बसायचे. मी म्हटलं, मी फिरवतो चाकं, तुम्ही सांगा नुसतं, तर अंगावर धावून आले. ताईची आहे, हात लावशील तर बघ, म्हणाले. थोडं करायचे, हात सुरू झाला की यंत्र बंद. आणि चकमध्ये तशीच ठेवतील तर ना, काढून खिशात घालून घरी न्यायचे, मागे कुणी हात लावायला नको म्हणून. सकाळी पुन्हा पकडायची. असं किती दिवस चाललं होतं मलाच ठाऊक नाही. झाली तेव्हा म्हणाले, ही शेवटची. पुढच्या आठवड्यात लेथ बघायला माणूस येतोय, जवळजवळ ठरल्यासारखंच आहे.

मी फोन ठेवला आणि रडले. एकदाच सांगितलं, पुन्हा विचारायचं नाही. रडून झाल्यावर परत संतापले, आणि तो संताप अजून उतरलेला नाही, म्हणून अक्षर असं आलंय. वेल्डरला ठाऊक. समोरच्या चहावाल्याला ठाऊक असणारच, कप त्याचेच. लेथ विकत घ्यायला येणाऱ्या त्या कोण परक्या माणसाला ठाऊक. लेकीला ठाऊक, ती बिचारी गपचूप पत्ते लिहितेय. आणि मला, जिने तुला बोट धरून शाळेत नेलं, जिच्या ओढणीला तू आठवीपर्यंत नाक पुसलंस, त्या मला कुणी सांगायचं? चकच्या दातांनी! ताईला सोसणार नाही, हे ठरवणारा तू कोण? आई गेली तेव्हा कुणाला सोसलं नव्हतं आणि कुणी सगळ्यांना सांभाळलं होतं, आठवतंय ना? की तेही खिशात घातलंस?

आणि तुला वाटलं काय, माझ्या लक्षात येणार नाही? दिवसभर दाण्यांचे ओरखडे बघून पोट भरणारी बाई मी. बरं, दुसऱ्या कुणी लपवलं असतं तर चाललं असतं, पण तू? वण कसे बघायचे ते तूच शिकवलंस आणि वणांनी भरलेली रिंग माझ्याकडेच पाठवलीस. आता मी काय करायचं असा तुझा हिशेब होता? डोळे पुसत म्हणायचं, अहाहा, माझ्या भावाच्या हातची शेवटची रिंग, हिच्यातून जे धूसर दिसतं तेही सुंदरच? नाही म्हणणार. तो फोटो बाद आहे. अमरवेल दिसत नाही त्यात. आमच्या नव्या मुलींना दाखवला तर त्या पास करून सोडतील सगळं पोतं. तू बाबांच्या अंधाऱ्या खोलीत वाढलास, बाद फोटोला बाबा काय करायचे ते तुला माहीत आहे. फाडायचे आणि पुन्हा काढायचे, समोर ओळखीचा माणूस असला तरी.

मी आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारून आले. तुझं नाव घेतलं नाही, ‘एक मूर्ख नातेवाईक’ एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, कंपवात असेल तर तो आजार हळू चालणारा असतो, गोळ्यांनी बराच काळ बरं जातं, हाताला व्यायाम असतात ते करायचे. फिरत्या यंत्राजवळ एकट्याने जाऊ नये हे खरं. पण काम सोडून घरात बसलेला माणूस लवकर खचतो, हेही त्याच म्हणाल्या. ‘एकट्याने’ हा शब्द मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतला. म्हणजे अडचण लेथची नाही, अडचण तुझ्या एकट्याच्या तोऱ्याची आहे. वेल्डर चाक फिरवतो म्हणत होता, तर अंगावर धावून जायचं काय कारण? हात म्हणजे काय फक्त तुझेच असतात का? तू बडबड करायचास ती कुठून यायची, हातातून? कापताना होणारं त्या दांड्याचं नुसतं ओरडणं ऐकून तू दुसऱ्या खोलीतून सांगायचास, टूल बोथट झालंय. तो कान कुठे गेला? कानाला काही थरथर नाही ना सुटलेली?

तेव्हा आता नीट वाच, इथून पुढचं एकदाच लिहिणार आहे. रिंग मी पोस्टाने परत पाठवत नाही, स्वतः घेऊन येते आहे. हे पत्र आधी टाकतेय ते एवढ्यासाठीच, की तुला काय आरडाओरडा करायचाय, काय रडायचंय, ते मी पोहोचायच्या आत उरकून घे. दारात तमाशा नको. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, साठलेली सगळी रजा टाकली आहे, भावजींना पुठ्ठे कुठे ठेवलेत ते सांगून ठेवलंय. त्या माणसाला फोन करून कळव की लेथ विकाऊ नाही. तुला सांगायची लाज वाटत असेल तर वहिनीला सांग, तिला ‘ते कामात आहेत’ छान म्हणता येतं, आणि या वेळी ते खरंही असेल. मी लांब दांडा घेऊन येते. तू त्या स्टुलावर बसायचंस जिथे मी इतकी वर्षं बसले, हात खिशात घाल नाहीतर बाहेर ठेव, हलेल तेवढा हलू दे, माझ्यापासून लपवायचा नाही. तू सांगायचं आणि मी चाक फिरवायचं. एकदा पकडलं की रिंग पुरी होईपर्यंत मी सोडणार नाही, मग शनिवारचा रविवार होवो की महिना होवो. टूल मोडलं तर मोडलं. ओरडायला तू आहेसच, आणि मला तुझं ते ओरडणं हवंय, बारक्या, म्हणून हे एवढं मोठं पत्र.

पत्र टेबलावर ठेवून वाचायला का सांगितलं, ते आता कळलं असेल. अक्षरही मुद्दाम मोठं काढलंय. उत्तर लिहू नकोस.

तुझीच,
अजून रागात असलेली,
ताई

ता. क. तो जांभळा ठिपका मी सगळा राग बाजूला ठेवून तपासला. रिंग कॅमेऱ्यात जिथे बसते, अगदी तिथेच आहे, तसूभरही इकडे-तिकडे नाही. लेकीला सांग. आणि शनिवारी तिलाही वर्कशॉपमध्ये बोलावून ठेव.